मागच्या खोलीतला काटा

समुपदेशनाला माझ्यासोबत काका येणार हे ठरलं, त्याच क्षणी मी आजारी पडायला हवं होतं. तसा प्रयत्न केलाही. सकाळी गरम पाण्याची पिशवी कपाळावर दाबून धरली आणि ताईसमोर जाऊन उभा राहिलो. तिने हात लावून बघितलं.

"एकशे दहा तरी असेल," ती म्हणाली. "एवढ्या तापात माणूस मरतो. मेलास की सांग, तोवर तयार हो."

अपॉइंटमेंट तिनेच घेतली होती. नऊ आठवडे मी धड जेवत नव्हतो आणि कुणाशी बोलत नव्हतो. एकदा बादली भरून वाहत होती आणि मी तिच्याकडे पाहत अर्धा तास उभा होतो. घरच्यांचं एकमताने निदान असं, की लाँड्रीच्या आगीचा मला धक्का बसलाय. काका म्हणाले, "पोरगं हळवं आहे. मी जातो सोबत, बाहेर बसेन." ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, किती करतात तुझ्यासाठी." मी बघितलं. मग जमिनीकडे बघितलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बावीस वर्षं ते फायर सिलिंडर तपासतात. दुकानांत, ऑफिसांत भिंतीला टांगलेले लाल सिलिंडर असतात ना, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्यांच्याकडे बघायचं हा आमचा धंदा. सहा वर्षांपूर्वी मी एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या परीक्षा नापास होण्याचा पराक्रम केला, तेव्हा काकांनी मला हाताखाली घेतलं. कामाची वाटणी ठरलेली. मी सिलिंडर भिंतीवरून उतरवायचा, तोलायचा, आतली पावडर घट्ट बसली असेल तर उलटा करून हलवायचा. मग काका येऊन काटा बघणार. वरच्या गोल तबकडीत हा काटा असतो. हिरव्यात असला की आत दाब आहे. लाल भागात गेला की सिलिंडर म्हणजे शोभेची बाटली. काकांनी मान हलवली की मी तपासल्याचा टॅग बांधायचा.

टॅगवर सही काकांची, पण ती आदल्या संध्याकाळीच झालेली असते. कामावर हात पावडरीने माखतात, सही फरफटते. म्हणून काका जेवणाच्या टेबलावर बसून उद्याच्या सगळ्या टॅगवर सह्या करून ठेवतात आणि काकू त्यांत दोरे ओवते. आधी सही, मग तपासणी. यात बावीस वर्षं काही बिघडलं नाही, कारण टॅग बांधण्याआधी काका काटा बघतच.

त्या लाँड्रीत दोन सिलिंडर होते. एक काउंटरपाशी, दुसरा मागे कपडे वाळवण्याच्या खोलीत. पुढचा झाला आणि लाँड्रीवाल्यांनी काकांना आपल्या गुडघ्यांची हकिगत सांगायला घेतली. त्यांना दोन गुडघे आहेत आणि दोन्हींची हकिगत वेगळी आहे. मी एकटाच मागे गेलो. खोली भट्टीसारखी तापलेली, सगळीकडे ओल्या चादरी टांगलेल्या, सिलिंडर चादरींच्या पलीकडे. नेमका त्याच वेळी माझ्या फोनवर, मित्रांच्या ग्रुपमध्ये, बदकाला गुडघे असतात का यावर वाद पेटला होता. मी 'नसतात' या पक्षाचा. एका हाताने उत्तर टाइप करत दुसरा हात मी चादरीखालून घातला आणि चाचपडत सिलिंडरच्या मानेला टॅग अडकवला. उतरवला नाही, तोलला नाही, काकांना हाक मारली नाही. बाहेर येऊन म्हणालो, "मागचा झाला." काका दुसऱ्या गुडघ्यातून सुटायच्या घाईत होते. आम्ही निघालो.

बदकाला गुडघे असतात. पिसांत झाकलेले असतात. हेही मला त्याच दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी वाळवणीच्या यंत्रात साठलेल्या, कपड्यांतून सुटलेल्या कापसाने पेट घेतला. लाँड्रीवाले धावत मागे गेले, सिलिंडर ओढून काढला, पिन उपसली, मूठ दाबली. आंघोळीनंतर बाळाला लावतात तेवढी पावडर बाहेर आली. शेवटी त्यांनी ओल्या चादरी टाकून आग विझवली, पण उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

चौकशीचे साहेब आले. काटा लाल भागाच्या तळाशी, टॅगवर काकांची सही. "काटा कुणी बघितला होता?" साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, "काटा मीच बघतो." त्यांचा परवाना थांबवला गेला.

त्या संध्याकाळी काकांनी मला गच्चीवर बोलावलं आणि हळूच विचारलं, "मागच्या खोलीत मी आलो होतो ना रे? मला आठवत कसं नाही?"

मी म्हणालो, "हो, आला होतात की."

सिलिंडर तपासला नाही ती चूक. चुकीला काहीतरी नाव असतं, कलम असतं, साहेब असतात. पण त्या 'हो'ला काय म्हणायचं मला माहीत नाही. वर मी 'की' लावला. त्यांची खात्री पटावी म्हणून.

काकांची खात्री पटली. काटा लाल होता आणि आपल्याला हिरवा दिसला, म्हणजे डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम. काकांनी त्याला अडाणी ठरवून दुसरा डॉक्टर गाठला. तोही अडाणी निघाला. पण दोघांनीही वाचायला म्हणून एकेक चष्मा दिला आणि काका आता दोन्ही वापरतात, एक डोळ्यांवर, एक कपाळावर. तांदूळ निवडत नाहीत, खडा राहील म्हणून. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरतात. परवाना परत मिळाला तरी नको म्हणतात. काकू दोरे ओवायच्या वेळेला टीव्ही लावते आणि टीव्हीच्या शेजारच्या भिंतीकडे बघत बसते.

तर हे काका माझं कोपर धरून समुपदेशनाच्या तिसऱ्या मजल्यावर आले.

मला वाटलं होतं, आत वेडेवाकडे हातवारे करणारे लोक असतील. एकच गृहस्थ होते, पेपर वाचत बसलेले, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांपेक्षा बरेच शांत. काउंटरवरच्या मुलीने मला फॉर्म दिला. मी खुर्चीवर बसलो आणि काका अगदी शेजारी येऊन बसले.

"काय विचारलंय? वाच मोठ्याने, मला दिसत नाही."

"गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला स्वतःची लाज वाटली का," मी वाचलं. "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज."

"कसली लाज? चोरी केलीस का? लिही, कधीच नाही."

मी लिहिलं, कधीच नाही. पुढचा प्रश्न होता, आपण जवळच्या माणसांपासून काही लपवता का. काका हसले. "याच्या तोंडात तीळ भिजत नाही," ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. "लिही रे, कधीच नाही." अशा रीतीने आम्ही दोघांनी मिळून सतरा प्रश्न सोडवले. फॉर्मप्रमाणे मी त्या इमारतीतला सर्वांत सुखी माणूस होतो.

समुपदेशक बाई पन्नाशीच्या असतील. खोलीत आडवं पडायचा सोफा नव्हता. दोन साध्या खुर्च्या, एक कुंडी, भिंतीवर घड्याळ. त्यांनी फॉर्म बघितला, मग मला बघितलं, मग परत फॉर्म बघितला.

"सगळं उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग आलात ते बरं झालं. असे लोक फार येत नाहीत."

मी कुंडीकडे बघत राहिलो. बाईंनी आधी सगळं समजावून सांगितलं. भेट पन्नास मिनिटांची. पहिल्याच दिवशी सगळं सांगायला हवं असं नाही. त्या औषध देत नाहीत, निकालही देत नाहीत. पहिल्या काही भेटींनंतर कधीकधी माणसाला आधीपेक्षा जास्त जड वाटतं, त्याने घाबरून जायचं नाही. पटलं नाही तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जायला मी मोकळा, त्यांना राग येणार नाही. आणि इथे बोललेलं इथेच राहतं, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

"जिवाला म्हणजे पूर्ण जिवाला?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"नुसता हात असेल तर?"

"हाताला धोका आहे का कुणाच्या?"

"आता नाही. होऊन गेला."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. "तुम्ही कुजबुजताय," त्या म्हणाल्या.

"काका बाहेर आहेत."

"बाहेर ऐकू जात नाही. दाराशी एक छोटं यंत्र ठेवलंय, नुसतं सूं करत राहतं. त्या आवाजात आतलं बोलणं बुडून जातं."

"तपासलंय?"

"कशाला?"

"म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही धरून चाललात," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याची लाज मला ते निघत असतानाच वाटली, पण तोवर मी उभा राहिलो होतो. "तुम्ही बाहेर जाऊन उभ्या राहा. मी इथे नेहमीच्या आवाजात बोलतो. आलं ऐकू तर सांगा."

मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या उठल्या, चप्पल घातली आणि स्वतःच्या खोलीबाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

मी रिकाम्या खुर्चीसमोर बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. पाढे म्हणता आले असते. मी म्हणालो, "काका मागच्या खोलीत आलेच नव्हते. मी त्यांच्याशी खोटं बोललो. त्यांचे डोळे चांगले आहेत."

खुर्चीने काही हरकत घेतली नाही. माझ्या मात्र कानशिलांपर्यंत आग गेली. नऊ आठवड्यांत हे शब्द मी मनातसुद्धा या क्रमाने लावले नव्हते.

दार उघडलं. बाई आत आल्या आणि चप्पल काढून बसल्या. "नुसतं सूं," त्या म्हणाल्या. "तुमचे काका काउंटरवरच्या मुलीला विचारत होते, मॅडमनाच बाहेर काढलं का म्हणून. काय म्हणालात तुम्ही आत?"

"टेस्टिंग, वन टू थ्री."

"बरंच लांबलं टेस्टिंग."

मी हसायचा प्रयत्न केला. तोंड हसलं, बाकीचा चेहरा आला नाही. बाई थांबल्या. मी असा थांबणारा माणूस पाहिला नव्हता. आमच्या घरात कुणी थांबलं की लगेच दुसरं कुणीतरी बोलतं. घड्याळाने पूर्ण दोन मिनिटं खाल्ली. मग मी सगळं सांगितलं, बदकासकट. बदक गाळता आलं असतं. पण एका माणसाचा हात कशामुळे भाजला हे सांगताना मधला भाग गाळला, तर ते परत त्या 'की'सारखंच झालं असतं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं, किंवा मला हाकलायला हवं होतं. मी तशी वाट बघत होतो.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही काकांना आत बोलवावं आणि समजावून सांगावं. तुम्ही शिकलेल्या आहात."

"ते मी करणार नाही."

"चिठ्ठी द्याल? डॉक्टर देतात तशी. पेशंट खोटं बोलला आहे, कृपया सहकार्य करावे."

"नाही."

"मग तुमचं काम काय?" मी विचारलं, आणि लगेच म्हणालो, "सॉरी."

"असू दे, बरेच जण विचारतात. एकाने तर पहिल्या भेटीत माझा पंखा दुरुस्त करून दिला, मग विचारलं." बाई जरा पुढे झुकल्या. "सांगायचं की नाही, कधी, हे तुम्ही ठरवायचं. मी घाई करणार नाही. पण एक विचारते. काकांना कळलं तर सर्वांत वाईट काय होईल असं वाटतं?"

मला वाटलं होतं मी म्हणेन, मारतील, कामावरून काढतील, घरात सगळ्यांना सांगतील. पण मी म्हणालो, "ते म्हणतील, असू दे."

"आणि ते वाईट?"

"त्यांनी साहेबांसमोर मान खाली घातली. रस्त्यात माझं कोपर धरतात. आणि वर असू दे म्हणाले तर मी कुठे जाऊ?"

बाईंनी कागदी रुमालांचा डबा माझ्या बाजूला सरकवला. मी चार घेतले, एकही वापरला नाही आणि चारही खिशात घातले. पन्नास मिनिटं झाली होती. पुढच्या आठवड्यात हीच वेळ, त्या म्हणाल्या, आणि तोवर काही ठरलं नाही तरी यायचं. मी हो म्हणालो. माझा बेत असा होता, की पुढच्या आठवड्यात विचार करायचा, त्याच्या पुढच्या आठवड्यात ठरवायचं, आणि असं करत करत काका म्हातारे होईपर्यंत खरंच त्यांचे डोळे जातील.

दार उघडून बाहेर आलो तर काका कोपऱ्यात उभे होते. भिंतीला सिलिंडर टांगलेला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला होता आणि नाक तबकडीला टेकवलं होतं. शेजारी काउंटरवरची मुलगी.

"बाळ, तू बघ ना. काटा हिरव्यात आहे का?"

"हिरव्यात आहे की, काका."

"नक्की? नीट बघ. मलाही हिरवाच दिसतोय, पण माझं काही खरं नाही."

"हिरवाच आहे हो."

"परत एकदा बघ. तुझे डोळे तरुण आहेत." आणि तिने परत बघेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले. सिलिंडरला नाही, तिला हात जोडले होते, त्रास देतोय म्हणून. बावीस वर्षं या माणसाने नुसतं दारातून आत येताना काटे ओळखलेत.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही मागच्या खोलीत आला नव्हतात."

"कुठल्या?"

"लाँड्रीच्या. तुम्ही काउंटरवर होतात. मी एकटा गेलो. सिलिंडर उतरवलाच नाही. चादरीखालून टॅग बांधला आणि आलो."

काका वळले. दोन चष्म्यांमागे त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. पेपरवाले गृहस्थ पान उलटायचं विसरले.

"काटा मी बघितला नाही?"

"कुणीच बघितला नाही."

"मी तुला गच्चीवर विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालास आला होतात."

"हो."

काउंटरवरच्या मुलीने हळूच काहीतरी शोधायला म्हणून खण उघडला आणि त्यात पाहत राहिली. काकांनी वरचा चष्मा काढला. मग खालचा काढला. दोन्ही खिशात घालायला गेले तर एक जाईना, तो त्यांनी हातातच ठेवला.

"का नाही उतरवलास?"

मी बदकाचं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी वाईट वाटतं. गृहस्थांच्या पेपरामागून एक विचित्र आवाज आला आणि थांबला.

मी 'असू दे'ची वाट बघत होतो. काका म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "आत सांगायला किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"आणि मला नऊ आठवडे." त्यांनी बंद दाराकडे बघितलं. "बरी आहे बाई. येत जा हिच्याकडे. मी येणार नाही आता सोबत."

ते जिना उतरले. कठड्याला हात न लावता, भराभर. मी मागोमाग. खाली रस्त्यावर मी सवयीने कोपर पुढे केलं, ते त्यांनी बघितलं आणि न धरताच ते पलीकडे गेले, गाड्यांमधून, नाकासमोर. मी पलीकडे पोचलो तेव्हा ते बसथांब्यावर उभे होते.

"काका, रिक्षा बघू?"

"मी बसने जातो. तू माझ्याबरोबर चढू नको."

"आपली बस कुठली ते..."

"पाट्या वाचता येतात मला," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि मी त्यांच्यापासून पाच पावलांवर, खांबाशेजारी, खांबासारखा उभा राहिलो. थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिला कळलं असावं, यातला कुणीतरी हलकट आहे, आणि तो म्हातारा नाही.

आमच्या घराकडे जाणारी बस आली. काकांनी ती सोडली. मला वाटलं, खरंच दिसली नाही की काय, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला. दुसरी आली, तीही घराकडचीच. तीही त्यांनी पाटी नीट वाचून सोडली. तिसरी आली तिच्यात ते चढले. ती लाँड्रीच्या बाजूला जाणारी होती.

लाँड्रीवाल्यांच्या हातावरची पट्टी निघाली आहे, असं काकूकडून कळलं होतं. काका दर आठवड्याला त्यांना बघायला जात. मी एकदाही गेलो नव्हतो. हळवा आहे म्हणून मला कुणी आग्रहही केला नव्हता.

बस सुटली. काका खिडकीशी बसले होते, त्यांनी मागे बघितलं नाही. ताईचा फोन आला, "काय झालं? बरं वाटलं का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "बाई म्हणाल्या असतील ना, पहिल्यांदा जड वाटतं म्हणून." मी म्हणालो, "हो, म्हणाल्या. घरी यायला उशीर होईल." तिने विचारलं, काका कुठे आहेत. मी सांगितलं, पुढे गेलेत.

त्याच नंबरची पुढची बस वीस मिनिटांनी होती. तेवढ्या वेळात मी लाँड्रीवाल्यांना काय सांगायचं त्याची तीन वाक्यं जुळवली. तिन्हीत कुठे ना कुठे चादरींना दोष येत होता. ती सोडून दिली. बस आली तेव्हा माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं, खिशात चार कागदी रुमाल होते, आणि मी चढलो.